सूत, इंच आणि मिलिमीटर

संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या हौशी सीएनसी मशीनला लांबी कळत नाही, पावले कळतात. तिच्या स्टेपर मोटरचा दांडा एका फेऱ्यात २०० पावले टाकतो. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे १६ भाग पाडले की फेऱ्याची ३२०० पावले होतात. त्या फेऱ्याने लीड स्क्रू फिरतो, स्क्रूवरचा नट सरकतो आणि नटाबरोबर हत्यार सरकते. किती पावलांना एक मिलिमीटर म्हणायचे, हे जुळवणाऱ्याने तिला एकदा सांगायचे असते. पुढची प्रत्येक लांबी, खोली आणि वेग त्या एका आकड्याच्या भरवशावर चालतो. सांगणाऱ्याच्या मनात इंच असला आणि मशीनने तो मिलिमीटर म्हणून घेतला, तर आकडा तोच राहतो आणि काम २५.४ पटींनी बिघडते.

भंडारा जिल्ह्यात ही दुहेरी मापे मशीन येण्याच्या कितीतरी आधीपासून वावरत आहेत. सातबाऱ्यावर शेत हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते. धानाच्या बांधीवर उभा राहून बोलणारा शेतकरी एकरातच बोलतो. वैनगंगेची वाळू ब्रासने मोजतात, आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. स्लॅबची सळई दुकानाच्या बिलावर दहा एमएमची असते, मिस्त्री तिला तीन सुती म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर, तीन सूत भरतात ९.५२५. जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक बोलण्यात विरून जातो. प्लायवूडच्या दुकानात तर दोन्ही मापे एका दमात येतात: आठ बाय चारची अठरा एमएम. लांबी-रुंदी फुटांत, जाडी मिलिमीटरमध्ये, आणि देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. खटकण्यासारखे काही नसतेही. सुताराचा हात आणि मिस्त्रीचा डोळा आकड्यामागचे माप ओळखतो. अठरा ऐकून अठरा इंच जाडीची फळी कुणी काढून देत नाही. मशीनजवळ हा डोळा नाही. तिच्यापाशी फक्त आकडा पोचतो, आणि आकड्याचे एकक वाटेत कुठे गळून पडले तर ते उचलून घेणारे कुणी नसते.

जिल्ह्यातून जाणाऱ्या रेल्वेनेही ही दुहेरी मापे अंगावर घेतलेली आहेत. नागपूरहून राजनांदगावपर्यंतचा नागपूर-छत्तीसगढ मार्ग १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला तो मीटर गेजचा. त्या गेजची कथा मोलाची आहे. १८७० च्या दशकात हिंदुस्थानात मेट्रिक मापे लवकरच लागू होतील अशी सरकारची अपेक्षा होती, म्हणून रुळांमधले अंतर आधी ठरलेल्या ३ फूट ३ इंचांऐवजी पुरा एक मीटर धरले गेले. मापे काही आली नाहीत; रूळ मात्र मीटरचे झाले. बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग हाती घेतल्यावर त्याच दशकाच्या अखेरीस तो साडेपाच फुटी ब्रॉड गेज झाला. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनात आज गाडी उभी राहते ती याच साडेपाच फुटांवर. गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत भंडाऱ्यातच होता, आणि तिथून बालाघाट-जबलपूरकडे जाणारी छोटी लाइन अडीच फुटी होती. अडीच फूट म्हणजे नेमके ७६२ मिलिमीटर. साडेपाच फुटांचे होतात १६७६.४, पण कागदोपत्री १६७६ लिहितात. रुळाच्या बाबतीत त्या ०.४ मिलिमीटरची दखल घ्यायचे कारण नाही. पितळेच्या पाटीवर नाव कोरताना मात्र कोरीव रेषेची सारी खोलीच ०.१ मिलिमीटर असते; रुळावर जे सोडून दिले, ते इथे खोलीच्या चौपट होते.

मेट्रिक मापे देशात खरोखर आली ती १९५६ च्या कायद्याने, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. शेर-मण काही वर्षांत बाजारातून गेले. इंच गेला नाही, कारण तो तराजूत किंवा कापडाच्या गजात नव्हता. तो आट्यांत होता, पाइपांत होता, लेथच्या लीड स्क्रूत होता, कारागिराच्या बोलण्यात होता. १९५९ पर्यंत इंचाचे नेमके माप देशोदेशी किंचित वेगळे होते. त्या वर्षी इंग्रजी भाषक देशांनी एकमताने १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर असे ठरवले. आज या संख्येत अंदाजाचा अंशही नाही. इंचातले कोणतेही माप २५.४ ने गुणले की मिळणारे मिलिमीटर पूर्ण खरे असतात. चूक होते ती नंतर, ती संख्या सोयीसाठी गोल करताना.

जुन्या लेथवर इंचाचे मिलिमीटर करण्याचे काम एका दातेरी चाकाने केले. इंची लीड स्क्रूच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचे चाक लागते. २५.४ ला पाचने गुणले की १२७ होतात, आणि १२७ ही अविभाज्य संख्या असल्याने लहान चाकांच्या जोडीतून ती मिळवता येत नाही. ज्या खरादाजवळ हे मोठे चाक नसे, त्याला जवळपासच्या गुणोत्तरावर भागवावे लागे. सीएनसीत त्या चाकाची जागा एका दशांश आकड्याने घेतली. इंचाला १० आट्यांचा, एकाच सुरुवातीचा स्क्रू असेल तर मिलिमीटरला ३२०० गुणिले १० भागिले २५.४, म्हणजे १२५९.८४३ पावले. हा आकडा पाहून नवखा माणूस बिचकतो, तो १२६० करू पाहतो. करू नये. कंट्रोलरला दशांश चालतात; अपूर्णांकाची अडचण चाकाला होती, बोर्डाला नाही.

छोट्या मशीनवर बहुधा मिलिमीटरचा टी-८ स्क्रू येतो, ८ मिलिमीटर जाडीचा. त्यातही एक बारकावा आहे. शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर २ मिलिमीटर दिसते, पण आटे चार सुरुवातींचे असले तर नट एका फेऱ्यात ८ मिलिमीटर पुढे जातो. दोन सुरुवातींचा स्क्रू असेल तर ४. फेऱ्याला ३२०० पावले धरली तर पहिल्याला मिलिमीटरमागे ४०० आणि दुसऱ्याला ८०० हा आकडा येतो. स्क्रूच्या टोकाकडे समोरून पाहिले की आट्यांच्या सुरुवाती बोटाने मोजता येतात. कॅटलॉग वाचण्यापेक्षा हे मोजणे अधिक भरवशाचे.

पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये इंच अधिक लपून बसतो. जीटी-२ पट्ट्याचे दाते २ मिलिमीटरवर असतात. एमएक्सएल नावाचा जुना इंची पट्टा आहे, त्याचे दाते इंचाच्या ०.०८ वर, म्हणजे २.०३२ मिलिमीटरवर. दोन्ही पट्टे हातात घेतले तर दिसायला जुळे. वीस दात्यांच्या पुलीवर पहिला फेऱ्याला ४० मिलिमीटर सरकतो, दुसरा ४०.६४. पुली आणि पट्टा दोन्ही एमएक्सएल असले आणि कंट्रोलरमध्ये जीटी-२ चा ८० हा आकडा भरलेला असला, तर ३०० मिलिमीटर सरकण्याची आज्ञा दिल्यावर मशीन ३०४.८ सरकते. पट्टी लावून हे माप घेतले की तिच्या दुसऱ्या कडेवर नेमका एक फूट दिसतो. पट्ट्यावर कुठेही न छापलेला इंच अशा वेळी स्वतःच आपली ओळख देतो. योग्य आकडा ७८.७४. आणि पुली एका जातीची, पट्टा दुसऱ्या जातीचा असेल तर कोणताही आकडा कामाचा नाही. दाते नीट बसत नाहीत, पट्टा झिजतो, भाग बदलणे एवढाच उपाय उरतो.

जुळवणीच्या वेळी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले बोल्ट वेगळे ठेवलेले बरे. दोन सुती बोल्ट म्हणजे पाव इंची, ६.३५ मिलिमीटरचा, इंचाला २० आट्यांचा. आट्यांमधले अंतर १.२७. एम-६ चे अंतर १ मिलिमीटर. एम-६ बोल्ट पाव इंची नटात दोन-तीन फेरे जातो, मग अडतो. नट कसला जातो आहे असे वाटून पाना रेटला की आटे जातात, आणि मशीनचा तो कोपरा पुढे कधीच घट्ट बसत नाही. बोटांनी सहज पाच-सहा फेरे न जाणारा बोल्ट पान्याने कधीच कसू नये. नळाच्या पाइपांतून चौकट उभारू पाहणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी: अर्ध्या इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मिलिमीटर असतो. ते 'अर्धा इंच' हे नाव आहे, माप नाही.

बिटाचा दांडा पकडणाऱ्या कोलेटमध्ये मात्र प्रश्न केवळ नासाडीचा राहत नाही, इजेचा होतो. छोट्या कोरीव बिटांचा दांडा जवळजवळ सगळीकडे ३.१७५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे अगदी एक सूत. सळईवाल्या मिस्त्रीच्या तोंडातले माप इथे स्पिंडलमध्ये येऊन बसते. हा दांडा ३ मिलिमीटरच्या कोलेटमध्ये जात नाही, हे बरेच आहे. अडल्यामुळे चूक लगेच कळते. उलटी गत अवघड आहे. लाकडाच्या राउटरचा पाव इंची कोलेट ६.३५ चा असतो आणि त्यात ६ मिलिमीटरचे बिट सहज सरकते. नट कसल्यावर ते धरलेही गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कोलेट कडेवरच टेकलेला असतो. काम सुरू झाल्यावर बिट हळूहळू खाली उतरते किंवा निसटते, आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारे पोलाद कुठे जाईल हे सांगता येत नाही. ईआर जातीचा कोलेट आपल्या मापापासून साधारण अर्धा ते एक मिलिमीटर आवळतो. साध्या राउटरच्या कोलेटला ती मुभा नाही. दांडा व्हर्नियरने मोजूनच कोलेट निवडावा. या एका बाबतीत घाई कुणालाही परवडणारी नाही.

यंत्राचे अंग असे जुळले की भाषेकडे वळता येते. मशीनला आज्ञा जी-कोडमध्ये जातात. त्यात जी२० म्हणजे पुढचे आकडे इंच, जी२१ म्हणजे मिलिमीटर. ही आज्ञा एकदा दिली की दुसरी येईपर्यंत लागू राहते. ज्या फाइलमध्ये दोन्हींपैकी एकही नाही, ती फाइल आधीच्या कामाने मागे ठेवलेल्या एककात चालते. सकाळी बरोबर चाललेली फाइल दुपारी बिघडते ती अशी. अर्डुइनोसारख्या लहान बोर्डावर चालणारे ग्रबल हे मोफत फर्मवेअर चालू होताना स्वतःला जी२१ वर आणते. त्याच्या आतल्या सेटिंग्ज, पावलांचा आकडा, कमाल वेग, कमाल अंतर, हे सारे कायम मिलिमीटरमध्येच असते. स्क्रीनवर इंच दाखवण्याचे वेगळे बटण आहे, पण ते फक्त दाखवण्यापुरते. दाखवणे इंचांत आणि मोजणे मिलिमीटरमध्ये, अशी अवस्था ओढवून घेऊ नये; स्क्रीनही मिलिमीटरवरच ठेवावी.

एका पाटीचे उदाहरण घेऊ. पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडारा शहरात दारावरची नावाची पाटी पितळेची असणे साहजिक आहे. पत्रा २० गेजचा. गेज हे मापही इंचाच्या घरातलेच: ब्रिटनमध्ये १८८४ पासून कायदेशीर झालेल्या तक्त्यात २० गेज म्हणजे ०.०३६ इंच, ०.९१४ मिलिमीटर, आकडा वाढेल तसा पत्रा पातळ. अमेरिकेत पितळेसाठी वेगळा तक्ता चालतो, त्यात २० गेज ०.८१२ भरतो. म्हणून गेज ऐकून घ्यावा आणि जाडी मोजून घ्यावी. आता या पत्र्यावर टोकदार बिटाने ०.१ मिलिमीटर खोल कोरायचे आहे. फाइलमध्ये खोलीसाठी झेड उणे ०.१ लिहिले आहे आणि मशीन जी२० मध्ये राहिली आहे. बिट २.५४ मिलिमीटर खाली जाते: पत्रा भेदून खालच्या लाकडात. ते तिथवर पोचण्याआधीच बहुधा टोक मोडलेले असते. वेगाचेही तेच. मिनिटाला १०० मिलिमीटर म्हणून लिहिलेले एफ१०० इंचांत २५४० होते. कमाल वेगाची मर्यादा भरलेली असेल तर वेग तेवढ्यावर थांबतो, पण पितळेतल्या बारीक बिटाला तोही फार असतो.

उलट्या दिशेची चूक शांतपणे होते. १०० मिलिमीटरची पाटी इंचांत आखली, ३.९३७ असा आकडा फाइलमध्ये गेला आणि मशीनने त्याला मिलिमीटर मानले, तर सारे नाव हरभऱ्याच्या डाळीएवढ्या जागेत गोळा होते. मोठ्या चुकीला मशीनची हद्द अडवते; होमिंग केलेले, म्हणजे मशीनने आपली शून्याची जागा शोधलेली असेल आणि सॉफ्ट लिमिट, म्हणजे कंट्रोलरमध्ये भरलेली हद्द चालू असेल तर ती हलण्याआधीच नकार देते. लहान चुकीला अडवणारी हद्द नाही. म्हणून काम लावण्याआधी स्पिंडल वर उचलून, हवेतच, पाटीच्या चारही कोपऱ्यांवरून हत्यार एकदा फिरवून आणावे. एका मिनिटाचे काम आहे, आणि मशीनजवळ नसलेला मिस्त्रीचा डोळा त्या एका मिनिटापुरता तिला मिळतो.

फाइल बनते त्या ठिकाणीही एकक हरवते. एसटीएल फाइलमध्ये एकक नसतेच, नुसते आकडे असतात. डीएक्सएफमध्ये त्यासाठी जागा आहे, पण ती पुष्कळदा रिकामी असते किंवा उघडणारा प्रोग्राम तिच्याकडे पाहत नाही. एसव्हीजीची गोष्ट निराळी. इंकस्केप या मोफत चित्रप्रोग्रामात आधी इंचाला ९० पिक्सेल धरत. २०१७ मध्ये आलेल्या ०.९२ आवृत्तीपासून ९६ धरू लागले. जुनी १०० मिलिमीटरची आकृती नव्या हिशेबात ९३.७५ होते. यात इंच कुणी निवडलेलाच नसतो. पडद्याच्या पिक्सेलमधून तो मिलिमीटरच्या चित्रात शिरतो. आकृतीच्या कोपऱ्यात बरोबर १० मिलिमीटरचा एक चौकोन काढून ठेवला तर प्रत्येक प्रोग्रामात उघडल्यावर तो मोजता येतो. चौकोन दहाचा दिसला नाही तर पुढे जायचे नाही.

मोजायच्या साधनालाही दोन जिभा आहेत. साध्या व्हर्नियरवर खालची खूण मिलिमीटरची आणि वरची इंचांची, तीही कधी १२८ व्या भागांची तर कधी हजाराव्या. डिजिटल व्हर्नियरवर एकक बदलणारे बटण चालू करायच्या बटणाशेजारीच असते. अंगठा लागला की आकडा बदलतो. मोठ्या मापावर हे ध्यानात येते. पातळ पत्र्यावर ०.०३६ दिसले तर ते इंच आहेत की मिलिमीटर, याचा विचार करायला क्षणभर थांबावे लागते. इंच आणि मिलिमीटर दोन्हींची मापे २० अंश सेल्सिअसला खरी धरतात. मे महिन्यातल्या भंडाऱ्याच्या ४५ अंशांत १०० मिलिमीटर पितळ जवळजवळ ०.०५ मिलिमीटर वाढलेले असते. पाटीच्या कामात याची काळजी नको. मशीन, पट्टी आणि पितळ एकाच खोलीत तापलेले असते. पण थंड खोलीतून आणलेला व्हर्नियर उन्हातल्या तुकड्याला लावून पावलांचा आकडा दुरुस्त करत बसू नये.

ती दुरुस्ती सर्वांत शेवटी. अक्षाजवळ पोलादी पट्टी चिकटवावी, हत्याराच्या जागी टोकदार पिन लावावी. आधी थोडे मागे जाऊन त्याच दिशेने शून्यावर यावे, म्हणजे नटातला ढिलेपणा मापात येत नाही. मग २०० मिलिमीटरची आज्ञा द्यावी आणि पिन कुठे थांबली ते पाहावे. आता आकडा बदलण्याआधी गुणोत्तर काढायचे. मिळालेले माप मागितलेल्याच्या २५.४ पट असेल, किंवा तेवढ्याच पटीने लहान, तर एककाचा घोटाळा आहे. दुप्पट किंवा निमपट असेल तर स्क्रूच्या सुरुवाती चुकीच्या मोजल्या, नाहीतर पावलाचे भाग ठरवणारे ड्रायव्हरचे जंपर वेगळे लागले. १.०१६ पट असेल तर पट्टा इंची. हे माप बरोबर आले आणि कोरलेली आकृती मात्र ०.९३७५ पट उतरली तर चूक चित्रात आहे, मशीनला हात लावायचा नाही. प्रत्येक चुकीचे गुणोत्तर ठरलेले असते, आणि ते ओळखले की कोणत्या कपाटात शोधायचे हे कळते. हे न पाहता फक्त पावलांचा आकडा बदलून माप जुळवले तर त्या दिवशीचे काम निभते, पुढच्या फाइलला तीच चूक उलटी होऊन समोर येते.

गुणोत्तर एकाच्या अगदी जवळ, १.००२ किंवा ०.९९८ असे उरले, तरच ती खरी बारीक दुरुस्ती. जुना आकडा गुणिले मागितलेले माप भागिले मिळालेले माप, असा नवा आकडा काढून भरायचा. ८०० पावलांवर २०० मागून २००.४ मिळाले तर नवा आकडा ७९८.४. तो भरून पुन्हा तीच चाल, तीच पट्टी, तीच दिशा. दुसऱ्या वेळी पिन २०० च्या रेघेवर थांबली की तो आकडा, स्क्रूचा फेरा आणि 'मिमी' ही अक्षरे मशीनच्या चौकटीवर न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवायची. प्रत्येक फाइलची पहिली ओळ जी२१ आहे ना ते पाहायचे. मग पितळेचा तुकडा बसवून त्यावर वहीचा कागद ठेवायचा; तोही असतो साधारण ०.१ मिलिमीटर, कोरायच्या खोलीएवढाच. कागद हाताने हलवत बिट थोडे थोडे खाली आणायचे, आणि तो अडायला लागला की तिथे झेड ०.१ धरायचे.